परीक्षण तुझ्या पत्रातच आहे

*ताई, सप्रेम नमस्कार.*

*मी सांगलीत राहते. वय २४. एका वाचनालयात अर्धवेळ काम करते. वडील मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. कॉलेजात मला ज्यांनी मराठी शिकवलं त्या सरांचा पहिला कथासंग्रह आलाय. सरांनी प्रत हातात दिली आणि म्हणाले, ‘परीक्षण तू लिही. चांगलं लिही, रविवारच्या पुरवणीत देऊ.’ पुरवणीवाल्यांनी ६०० शब्द मागितलेत.*

*अकरा गोष्टींपैकी चार मला मनापासून आवडल्या. बाकीच्या गोष्टी संपत आल्या की सर वर्गात शिकवायचे तसं शिकवायला लागतात. पुराच्या गोष्टीत पाणी लोंढ्यासारखं येतं. २०१९ला आमच्या गल्लीत तसं आलं नव्हतं. ते गटारातून वर आलं, आवाज न करता. पण त्याच गोष्टीतली म्हातारी माळ्यावर चढताना विरजणाचं भांडं बरोबर घेते, तिथं मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. हे सगळं लिहिलं तर सर दुखावतील, नाही लिहिलं तर मी खोटी ठरेन. खर्डा सोबत जोडलाय. आणखी एक. पुरवणीवाले म्हणतात, मिरजेच्या उरुसातल्या गाण्यावरही लिही. मला रागातलं काही कळत नाही. काय करू?*

*– एक वाचक, सांगली*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खर्डा एकदा वाचला आणि बाजूला ठेवला, कारण पत्रात जे पुस्तक तू मला दाखवलंस ते खर्ड्यात कुठंच सापडलं नाही. माळ्यावर चढणारी म्हातारी खर्ड्यात नाही. विरजणाचं भांडं नाही. गटारातून वर येणारं पाणी नाही. सर शेवटी शिकवायला लागतात, हे तर नाहीच नाही. त्याऐवजी पहिलंच वाक्य असं आहे : ‘प्रस्तुत कथासंग्रहात लेखकाने ग्रामीण जीवनाचे विदारक वास्तव अत्यंत समर्थपणे चितारले असून वाचकाला अंतर्मुख करण्याचे सामर्थ्य या कथांमध्ये आहे.’

एक करून बघ. हे वाक्य तुझ्या वाचनालयातल्या कपाटासमोर उभी राहून मोठ्यानं वाच आणि हाताला येईल तो ग्रामीण कथासंग्रह काढ. पन्नास पुस्तकांना ते जसंच्या तसं चिकटेल. जे वाक्य पन्नास पुस्तकांना चालतं, ते या एका पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. आणि ‘गोष्ट संपत आली की सर वर्गात शिकवायचे तसं शिकवायला लागतात’ हे वाक्य बघ. ते फक्त याच पुस्तकाचं आहे. ते वाचून मला पुस्तकाचा स्वभाव कळला, लेखकाचा पेशा कळला, त्याच्या मनातली कळकळ कळली आणि गोष्ट कुठं घसरते तेही कळलं. एका ओळीत. हे तुला येतं. मला लिहिताना तुला ते सहज आलं आणि पुरवणीसाठी लिहिताना तू ते झाकून ठेवलंस.

यात तुझी एकटीची चूक नाही. आपण शाळेत जे ‘रसग्रहण करा’ शिकलो, त्याची ही सवय आहे. कविता कुणाचीही असो, उत्तरात भावसौंदर्य, आशयघनता, ओघवती भाषा हे शब्द यायला हवेत, मग गुण मिळतात. तपासणाऱ्याला कविता आधीच ठाऊक असते. तिच्याबद्दल त्याला नवं काही सांगायचं नसतं, आपल्याला ठरलेले शब्द येतात एवढंच दाखवायचं असतं. परीक्षणाचा वाचक नेमका उलटा असतो. त्यानं पुस्तक पाहिलेलं नसतं. पाहावं की नाही हे त्याला ठरवायचं असतं, आणि त्यासाठी त्याच्याकडं तुझ्या ६०० शब्दांशिवाय दुसरं काही नसतं.

सरांनी तुला ‘परीक्षण’ लिहायला सांगितलं, पण त्यांच्या मनात बहुधा ‘परिचय’ आहे. आपल्याकडं हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, म्हणून घोळ होतो. परिचय म्हणजे पुस्तक काय आहे ते सांगणं. रसग्रहण म्हणजे त्यातलं जे भावलं ते उलगडून दाखवणं. अभिप्राय तर खाजगीही असू शकतो, पोस्टकार्डावर लेखकाला पाठवलेला. परीक्षणात मात्र परीक्षा आहे, तो शब्दच तसा आहे. तुला परीक्षा घ्यायची नसेल, तर वर स्वच्छ ‘पुस्तक परिचय’ असं लिही आणि गोष्टींचे विषय सांगून थांब. त्यात खोटं काही नाही. पण वर ‘परीक्षण’ असा मथळा आणि खाली निव्वळ गौरव, ही वाचकाची फसवणूक आहे.

फसवणूक हा शब्द मी जपून वापरते. त्यामागं एक प्रसंग आहे. मी तुझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेन तेव्हा. एका परिचितांची कादंबरी आली होती. मी निम्मी वाचली, उरलेली चाळली आणि दोन कॉलम भरून कौतुक लिहिलं. छापून आलं, त्यांचा फोन आला, मला बरं वाटलं. महिन्याभरानं एक गृहस्थ घर शोधत आले. माधवनगरला लेथ मशिनवर काम करणारे. हातात ती कादंबरी. म्हणाले, ‘बाई, तुमचं वाचून घेतली होती.’ मग पुस्तक उघडून दोन पानं दाखवली. पहिल्या भागात ज्या चुलत्याची राख नदीत सोडली होती, तोच चुलता दुसऱ्या भागात पुतणीच्या लग्नात पंगतीला बसला होता. मी त्या पानापर्यंत पोचलेच नव्हते. ते एक शब्द वाकडा बोलले नाहीत. ‘ठेवा तुम्हालाच,’ म्हणून पुस्तक टेबलावर ठेवलं आणि चहा न घेता गेले. ती प्रत माझ्याकडं अजून आहे. परीक्षण लिहायला बसले की ती मी समोर ठेवते.

तुझ्या सरांचं पुस्तक २५० रुपयांचं असेल, तर कुणीतरी ते २५० रुपये आणि दोन रविवार तुझ्या शब्दावर खर्च करणार आहे. तो माणूस कोण ते तुला माहीत नाही, पण लिहायचं त्याच्यासाठी. सर वाचतीलच, पण परीक्षण सरांसाठी लिहिलेलं नाही.

आता प्रत्यक्ष काम. पुस्तक पुन्हा वाच, या वेळी पेन्सिल घेऊन. पहिल्या वाचनात आपण गोष्टीबरोबर वाहत जातो, ते तसंच व्हायला हवं. दुसऱ्या वाचनात फक्त एवढंच कर : जिथं थांबलीस, जिथं हसलीस, जिथं कंटाळून पुढची पानं मोजलीस, तिथं समासात खूण कर आणि पानाचा आकडा वहीत लिही. कारण लगेच शोधू नकोस. ते नंतर सापडतं, जागा मात्र विसरते.

मग त्या जागांकडं परत जा आणि प्रत्येकीला विचार, इथं लेखकानं नेमकं काय केलं म्हणून मला असं झालं? विरजणाचं भांडं घेऊ. तू पुस्तक मिटून बसलीस, ते का? मला जे दिसतं ते सांगते, तुला वेगळं दिसलं तर तुझंच खरं, कारण गोष्ट तू वाचली आहेस. घरात पाणी शिरतंय. म्हातारीनं दागिने घेतले नाहीत, कागदपत्रं घेतली नाहीत, विरजण घेतलं. म्हणजे उद्या दूध येणार आहे, ते लावायचं आहे, दही होणार आहे, असं तिनं मनात धरलंय. पूर आला तरी तिचा उद्याचा दिवस तिनं सोडलेला नाही. सरांनी हे समजावून सांगितलेलं नसावं. फक्त भांडं दाखवलं आणि ते पुढं गेले. आणि म्हणूनच बाकीच्या गोष्टींबद्दलची तुझी तक्रार इथं उपयोगी पडते. ज्यांना एका भांड्यात एवढं मांडता येतं, त्यांना इतर गोष्टींच्या शेवटी परिच्छेदभर उपदेश करायची गरज का वाटावी? बघ, दोष आणि गुण आता वेगवेगळ्या रकान्यांत राहिले नाहीत. एकानं दुसऱ्याचं मोजमाप झालं. लेखकाच्याच उत्तम जागेनं त्याची कच्ची जागा मोजणं याहून न्याय्य माप मला माहीत नाही. दुसऱ्या कुठल्या थोर लेखकाचं माप त्याला लावू नकोस. पहिल्या संग्रहाला तर नकोच.

पुराच्या पाण्याचं जरा जपून. तुझं म्हणणं बरोबर आहे. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना, आणि तरीही शहरातल्या कितीतरी गल्ल्यांत ते नाल्यांतून, गटारांतून मागच्या दारानं आलं. रात्री पायरीवर होतं, पहाटे चुलीपाशी. ज्यांनी पाहिलं त्यांना त्याची शांतता आठवते. पण आधी नीट बघ, गोष्ट घडते कुठं? शहरातल्या गल्लीत की नदीकाठच्या मळ्यात? काठावर ओढ असते, तिथं लोंढा खोटा नाही. गोष्ट गल्लीतली असेल तरच हा मुद्दा घे, आणि तोही ‘माहिती चुकली’ म्हणून नव्हे. गोष्टीत पाणी कसंही येऊ शकतं, लेखकाला तेवढी मोकळीक आहे. मुद्दा हा की विरजणाचं भांडं सरांनी डोळ्यांनी पाहिलेलं वाटतं आणि लोंढा पडद्यावर पाहिलेला. हे असं लिहिता येईल :

‘पुराच्या कथेत पाणी गर्जत येतं. ज्या गल्लीत ही कथा घडते तिथं २०१९ला ते गटारातून, आवाज न करता वर आलं होतं. ती शांतता कथेत असती तर म्हातारीनं उचललेलं विरजणाचं भांडं आणखी जड झालं असतं.’

यात सरांना कुठं लागेल असं काही आहे का? असेलही. पण लागलं तरी त्यांच्या कामाचं लागेल. ‘वास्तवाचे भान सुटले आहे’ असं लिहिलंस तर नुसतंच लागेल आणि हाती काही येणार नाही. मोघम कौतुक आणि मोघम निंदा यांत मला फारसा फरक वाटत नाही, दोन्ही न वाचता लिहिता येतात.

तुझे वडील अडत दुकानात आहेत, त्यांना विचार सौद्यात काय होतं. व्यापारी ढिगात हात घालतो, हळकुंड उचलतो आणि मोडतो. आतला रंग बघतो, मोडतानाचा आवाज ऐकतो, मग दर बोलतो. ढिगाकडं लांबून बघून ‘माल उत्तम’ म्हणणाऱ्याला तिथं कुणी विचारत नाही. परीक्षणातलं अवतरण म्हणजे ते मोडलेलं हळकुंड. ‘भाषा चित्रदर्शी आहे’ असं म्हणायच्या ऐवजी सरांच्या दोन ओळी उतरवून दाखव, रंग वाचकाला दिसेल. आणि एखादं वाईट हळकुंडही मोडून दाखव, उपदेशाच्या शेवटातली एक ओळ. त्यावर तुला टीका करावी लागणार नाही.

अशा ओळी उतरवायला परवानगी लागते का, अशी शंका तुझ्या खर्ड्यातल्या टिपेत दिसली. लागत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२मध्ये, समीक्षा-परीक्षणासाठी रास्त वापराला मुभा आहे. ओळी अचूक उतरवायच्या, कुणाच्या ते सांगायचं आणि बेतानं घ्यायच्या. अख्खी गोष्ट उतरवणं हा रास्त वापर नव्हे. पुराच्या गोष्टीचा शेवट सांगून टाकू नकोस, म्हातारीचं पुढं काय होतं ते मलासुद्धा नको सांगू.

तुझ्या खर्ड्यात अकराही गोष्टींचा सारांश आहे, प्रत्येकीला तीन ओळी. ती यादी काढून टाक. ६०० शब्दांत अकरा गोष्टी मावत नाहीत. दोन नीट मावतात, तिसरीचा उल्लेख. कुठल्या सोडल्या याची सफाई देऊ नकोस.

राहिले सर. तुझी खरी अडचण ही आहे, आणि मी तिला हलकी समजत नाही. पुण्या-मुंबईत परीक्षण लिहिणाऱ्याची आणि लेखकाची गाठ वर्षानुवर्षं पडत नसेल. इथं ती सोमवारी विश्रामबागला भाजी घेताना पडते. सर पुढं आले तर नजर चुकवायची का? चुकवावी लागू नये, म्हणून तीन गोष्टी सांगते.

पहिली, परीक्षणात एका वाक्यात लिही की लेखक तुझे शिक्षक आहेत. लपवलंस तर कौतुकाला किंमत राहत नाही आणि टीका कृतघ्नपणाची वाटते. सांगितलंस की वाचक दोन्ही त्या नजरेनं वाचतो आणि तू मोकळी होतेस. दुसरी, छापायच्या आधी मजकूर सरांना दाखवू नकोस. प्रेमापोटी दाखवशील, ते एक विशेषण सुचवतील, तू नाही म्हणू शकणार नाहीस. त्याऐवजी आत्ताच जाऊन सांग, ‘सर, लिहितेय. चार गोष्टींनी मला धरून ठेवलं. काही ठिकाणी माझं वेगळं म्हणणं आहे, तेही लिहिणार आहे.’ ते नको म्हणाले तर परिचय लिही, किंवा लिहूच नकोस. नकार देण्यानं त्यांच्याबद्दलचा आदर कमी होत नाही. तिसरी, अंक निघाला की तो घेऊन तूच त्यांच्या घरी जा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांना कळू देऊ नकोस.

माझ्या अनुभवात चांगल्या शिक्षकाला एक गोष्ट कुठल्याही स्तुतीपेक्षा जास्त आवडते, ती म्हणजे आपल्या विद्यार्थ्यानं आपलं लिहिलेलं शब्दन् शब्द वाचलंय याची खूण. ती खूण तुझ्या पत्रात आहे. खर्ड्यात नव्हती.

आता गाण्याचं. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मृतीला वाहिलेली संगीतसभा होते, तिथं बसायला मिळणं हेच भाग्य आहे. खाँसाहेब १९३७ साली गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी येऊन गायची गवयांची ओढ अजून टिकून आहे. तुला राग ओळखता येत नाही, याची लाज बाळगू नकोस, आणि ओळखता येतो असं दाखवूही नकोस. गायकानं काय काय गायलं ते साथीदारांना किंवा संयोजकांना विचारून लिहून घे. रागाचं नाव, ताल, बंदिशीचे पहिले शब्द, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. नावांचं स्पेलिंग, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घसुद्धा, त्यांनाच विचार. हे झालं की बाकी काम कानाचं आहे.

कानाचं काम कसं करायचं हे मी मिरजेतच, सतारमेकरांच्या दुकानात पाहिलं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, त्यावर दांडी, तारा चढवून झालेला तंबोरा, आणि कारागीर घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढत, तारेचा नाद खुलवत बसलेला. घोडीचा पृष्ठभाग अगदी किंचित घासायचा, तार छेडायची, ऐकायची, पुन्हा घासायची. तारेखालचा जीवा, सुताचा तो दोरा, केसभर सरकवायचा, पुन्हा ऐकायचं. जोड आणि खर्ज ही तंबोऱ्याच्या तारांची नावं. तासाभरात तो जे बोलला ते एवढंच : ‘जोड बोलतेय. खर्ज दबलाय.’ थोड्या वेळानं : ‘आता उघडला, पण जरा जास्तच.’ छान, सुंदर, अप्रतिम यातला एकही शब्द त्यानं वापरला नाही. कुठली तार, काय करतेय, आधीच्यापेक्षा कशी, एवढंच. मला त्या दिवशी वाटलं, इतकं नेमकं परीक्षण मी आजवर कुणाचं वाचलं नाही.

तूही तेच ऐक. गायिका पहिला सूर लावताना घाईत होती की थांबली? वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, आवाज पातळ झाला का? तबलजी तिच्या मागं चालत होता की तिला ढकलत होता? समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना समोरचे म्हातारे श्रोते मान कधी हलवत होते आणि कधी थांबले? ध्वनिवर्धकानं तंबोरा गिळून टाकला का? याला राग ठाऊक असावा लागत नाही, लक्ष असावं लागतं. राग पुढं हळूहळू कळत जातील, दर वर्षी ऐकत राहिलीस तर. रागाच्या शुद्धतेवर मात्र इतक्यात काही लिहू नकोस. तो निवाडा ज्यांचा कान तयार आहे त्यांनी करावा.

सिनेमावर लिहायची वेळ आली तर पद्धत तीच, फक्त अंधारात वहीत खरडायची सवय करावी लागते, आणि बाहेर आल्याबरोबर, कुणाशी बोलायच्या आधी, पाच ओळी लिहून ठेवायच्या. रिक्षात बसून मित्रांचं मत ऐकलं की आपलं पुसलं जातं.

शेवटी छापायच्या चौकटीतली माहिती तपास : पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, मुखपृष्ठ कुणाचं, पृष्ठे, किंमत. मुखपृष्ठकाराचं नाव खर्ड्यात राहिलंय. शुद्धलेखनाच्या चुका पुस्तकात बऱ्याच असतील तर तेही एका ओळीत लिही, तो दोष बहुतेक वेळा लेखकाचा नसतो आणि पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतो.

हे सगळं जड वाटलं तर एक सोपा मार्ग आहे. खर्डा फाड. मला जे पत्र लिहिलंस त्याची नक्कल समोर ठेव, वरचं ‘ताई, सप्रेम नमस्कार’ काढ, आणि तिथून सुरू कर. भाषासुद्धा तीच राहू दे. ‘असून’, ‘सदर’, ‘प्रस्तुत’ आपोआप गळतील. पुरवणीवाल्यांनी प्रमाण भाषेचा आग्रह धरला तर ‘आमच्याकडं’चं ‘आमच्याकडे’ ते करून घेतील, त्यावर भांडू नकोस.

आणि एक राहिलं. पुराच्या त्या गोष्टीचं नाव तू पत्रात लिहिलं नाहीस, पुस्तक कुठं मिळतं तेही नाही. दोन्ही कळव. मला ती म्हातारी वाचायची आहे.